कट्ट्यावरच्या नोटा

अक्षर वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत कळलं तेवढंच. वही माझ्यापुरती आहे, तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. मावशीबद्दल लिहून ठेवायचं आहे.

मावशी हातात दिल्याशिवाय पैसे घेत नसे. नात्यातली नव्हे, सगळे तिला मावशीच म्हणत. मळवलीच्या एका बंगल्यात ती संडास-अंगण धुवायची, मी स्वयंपाकाला होते. तिच्या वस्तीतल्या माणसाला पैसे द्यायचे ते कट्ट्यावर ठेवून, हाताला हात लागू द्यायचा नाही, हे मी सासरी आल्यापासून पाहत होते. असं कुणी केलं की मावशी नुसती उभी राहायची. म्हणायची, "काम कट्ट्यानं केलं का? ज्यानं केलं त्याच्या हातात द्या."

वाणी सुटे पैसे बरणीच्या झाकणावर ठेवायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, एवढा मान पाहिजे तर बसायला खुर्ची देऊ का? "दे की. गुडगं लय दुखत्यात," मावशी म्हणाली, आणि खुर्ची येईपर्यंत हलली नाही.

माझ्या लेकीची नर्सिंगची फी भरायची होती. दीर, भाऊ, सगळ्यांनी हात वर केले. मी मावशीकडे मागितलेही नव्हते. तिनं पदराची गाठ सोडून दहा हजार माझ्या हातात दिले. तेव्हा मला हात लागल्याचं काही वाटलं नाही. गरज होती.

पहिले दोन हजार परत द्यायचे झाले तेव्हा ती बंगल्याच्या मागच्या दारी झाडत होती. माझी जाऊही त्याच बंगल्यात भांड्यांना होती, ती शेजारीच नळावर घासत बसली होती. मी नोटा कट्ट्यावर ठेवल्या. विचार असा केलाच नाही, हातच तिकडे गेला. मावशीनं नोटांकडे पाहिलं आणि खराटा घेऊन निघून गेली. संध्याकाळी नोटा तिथंच होत्या.

दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना मी हातात द्यायला गेले. तिनं घेतल्या नाहीत. म्हणाली, "जावंसमोर ठिवल्यास नव्हं? मग चार माणसांसमोरच दे. मी दिलतं ते तुज्या हातात दिलतं."

ते मला दीड वर्ष जमलं नाही. पैसे पिठाच्या डब्यात साठत गेले. मावशी पूर्वीसारखीच बोलायची, लेकीच्या परीक्षांची चौकशी करायची, पैशाचं नाव काढायची नाही. लेक म्हणाली, आई, फोनवरून पाठव. नको म्हटलं. तोही कट्टाच झाला असता.

मग मावशी कायमची देहूरोडला मुलीकडे निघाली. मी स्टेशनवर गेले. गावातल्या बायका बाकावर बसल्या होत्या, जाऊही होती. मी पदराखालून नोटा काढल्या तशी जाऊ हळूच म्हणाली, "बाकावर ठेव, घेईल ती."

मी मावशीच्या हातात दिल्या.

मावशीनं घाई केली नाही. गाडी दिसू लागली तरी बोट ओलं करून एकेक नोट मोजत राहिली, सगळ्यांसमोर. दहा हजार पुरे भरले.

"फिटलं, बाय," ती म्हणाली.