मागच्या दारातला दादा

मी सिंगापूरला निघालो तेव्हा सहार विमानतळावर अख्खं मुर्धा मला सोडायला आलं होतं. अख्खं म्हणजे एक टेम्पो, पण त्यात सगळं गाव मावलं होतं, दोन कुत्र्यांसकट. बाकीचे हार घालत होते, फोटो काढत होते. आई मात्र माझं मनगट धरून एकच बोलत होती, "दादाला शोध. तिथं हाय का न्हाय, येवढा बघ."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावातली मिठागरं बंद पडायला लागली तेव्हा तो बोटीवर खलाशी म्हणून गेला. मागे वहिनी, अंगावरची हळदसुद्धा नीट उतरली नव्हती. सुरुवातीला खुशाली यायची, मग तीही थांबली. आमच्यात बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की भावकी जमते, पळसाच्या पानांचा माणूस करते आणि त्याला अग्नी देते. दादाची बारा भरत आली होती. पण भाईंदरच्या एका खलाशाने शपथेवर सांगितलं होतं, "त्याला मी सिंगापूरच्या नदीकाठी हॉटेलांत पाहिलाय." म्हणून भावकी म्हणाली, "हा सुट्टीवर येईस्तोवर थांबू."

शिपयार्डात मी वेल्डर. आठवडाभर ठिणग्या, रविवारी नदी.

काय सांगू ती नदी! आपल्या खाडीचीच धाकटी बहीण, पण ब्यूटी पार्लरमधून आलेली. दिवे इतके, की पाण्यातले मासे गॉगल लावून फिरत असणार. काठावर जुनी गोदामं एकमेकांना खेटून उभी. एके काळी तिथं होड्यांतून तांदूळ उतरायचा, हमाल पाठीवरून पोती वाहायचे. आता त्याच दारांतून वेटर यायचे, माझ्या मांडीएवढे बियरचे जग घेऊन. टाय सैल केलेले बँकवाले, मडमा, गाणी. कामाची होडी एक नाही, सगळ्या टुरिस्ट फिरवायला. ज्याची मिठागरं गेली त्याला हे बघून भूक लागत नाही, मंडळी. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना कळेल.

मी हॉटेलांच्या पुढून चालायचो नाही, मागच्या गल्लीतून चालायचो. आपला माणूस टेबलाशी थोडाच बसणार? एका संध्याकाळी मागच्या एका दारात एक टकला माणूस टोपलीपुढे उकिडवा बसलेला दिसला. खेकड्याचाच पाय मोडून त्याचं टोक तो नांगीच्या सांध्यात खुपसत होता, म्हणजे नांगी चालत नाही. सगळी दुनिया दोरी बांधते. हे काम असं करणारा मी जगात एकच पाहिला होता, आमचे बाबा.

"दादा?"

त्याने वर पाहिलं. "केवढा जाडा झालास रे," म्हणाला.

"वहिनी वाट बघतेय."

"इथं बायको हाय. पोरगी शाळेत जाते." त्याने पुढचा खेकडा उचलला. "मेला म्हणून सांग. बारा भरलीच ना?"

तोही मोजत होता.

सुट्टीवर आलो आणि भावकीपुढे सगळं जसंच्या तसं सांगितलं. माशांचे गॉगलसुद्धा वगळले. पण आमचे काका फसकन हसले. "परवा वरसाव्याच्या पुलाखाली देवमासा, आज सिंगापुरात दादा! आनखी कोन कोन भेटला रं तुला?" सगळे हसले. आईने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. माझ्या गोष्टी तिलाही लहानपणापासून पाठ होत्या.

दुपारी वहिनी विहिरीवर भेटली. "भावोजी, तो हाय ना?"

"हाय."

"तिथं घर केलाय ना?"

मी तिच्या हातातला दोर घेऊन पाणी ओढायला लागलो.

"मग गप बसा. बारा वरसं मी टाकलेली म्हनून ऐकला. विधवेला कोन इचारत न्हाय, नवरा का गेला."

खाडीकाठी पळसाच्या पानांचा दादा जळाला. पिंडाला कावळा असा झडप घालून शिवला, की भटजी दचकले. सुक्या मासळीवर वाढलेला मुर्ध्याचा कावळा तो, विटेलाही शिवला असता. पण काका म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा कावला खरा." बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या. ती सबंध वेळ माझ्याकडे रोखून बघत होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

परत गेलो तेव्हा त्या दारात दुसराच कोणी भांडी घासत होता. दादाचं नाव त्याने ऐकलंही नव्हतं. गेला असेल, नसेल. खरंच मेला असला तरी आता त्याच्यासाठी काही करायचं उरलेलं नाही. मुर्ध्यात माणूस एकदाच मरतो, आणि दादाचं ते उरकलंय.

लोक विचारतात, घराची आठवण येत नाही? येते ना. पण घर म्हणजे आता अशी जागा, जिथं माझा शब्द खरा मानणारं एकच माणूस आहे, आणि तिच्यासमोर मी दादाचं नाव काढत नाही.