माइकचा केशरी दिवा

निर्मलाअक्का पहिल्यांदा शाहूपुरीत रिजवानच्या दुकानाची पायरी चढल्या, तेव्हा म्हणे समोरच्या चहावाल्याचं दूध आपोआप उतू गेलं आणि दुरुस्तीला आलेले अकरा मेलेले लॅपटॉप भीतीनं सुरू झाले. अक्कांचा आवाजच तसा. त्या कुजबुजल्या तरी पंचगंगेपलीकडची म्हैस मान वळवायची.

"पावणं, ह्या डबड्यात जीव घालतासा का?"

रिजवाननं घातला. जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्याच्याकडं एकच औषध होतं, लिनक्स नावाची फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम. तेवढ्यानं लॅपटॉप पळू लागला, पण माइक बंद करायच्या बटणावरचा केशरी दिवा काही लागेना. दुसऱ्या कुणी तो नाद सोडला असता. रिजवान तीन दिवस जेवणाचा डबा न उघडता बसला आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्या एका दिव्यासाठी त्यानं स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे दिवा चालवणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. बटण दाबलं की दिवा बदलू लागला. लागला, विझला, लागला! त्यानं बायकोला, इरमला, दिव्याचा व्हिडिओ पाठवला. "सुंदर हाय," तिचं उत्तर आलं, "येताना कोथिंबीर आणा."

लॅपटॉप देताना तो छाती फुगवून म्हणाला, "अक्का, दिवा लागला की माइक बंद. पडद्यावर काय बी दिसू दे, तुम्ही दिव्यावर भरवसा ठेवा."

अक्कांनी ठेवला. गुरुवारी त्यांचं भजनी मंडळ व्हिडिओ कॉलवर जमलं. शिरोळहून झुंबरबाई, अक्कांची चाळीस वर्षांची मैत्रीण, गाऊ लागल्या. दिवा लागलेला बघून अक्का नवऱ्याला म्हणाल्या, "झुंबरचा सूर शिरोळात सुटलाय, आता गडहिंग्लजला जाऊनच थांबतोय. चाळीस वर्सं सोसतोय आम्ही."

झुंबरबाई कडव्याच्या मध्येच थांबल्या. पडद्यावरची त्यांची चौकट काळी झाली. त्यानंतर त्यांनी अक्कांचा एकही फोन उचलला नाही.

"माझंच बोट कुठंतरी पडलं असंल रे," लॅपटॉप घेऊन आलेल्या अक्का झाला प्रकार सांगताना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होत्या.

रिजवाननं ड्रायव्हर उघडला. या लॅपटॉपचा दिवा शून्य पाठवलं की लागायचा, एक पाठवला की विझायचा. त्यानं नेमकं उलटं धरलं होतं, म्हणून दिवा लागलेला असताना माइक चालूच असायचा. दिवा बदलतो एवढंच त्यानं बघितलं होतं. माइक कधी बंद होतो, ते ऐकलंच नव्हतं. त्यानं एक आकडा बदलला आणि म्हणाला, "झालं अक्का, आता नीट हाय."

बोट अक्कांचंच पडलं, हा त्यांचा समज त्यानं तसाच राहू दिला.

आठ दिवस त्याला घास गोड लागेना. गाडीचा इंडिकेटर, फ्रिजचा दिवा, सगळं केशरी होऊन त्याच्याकडं बघायचं. शेवटी त्यानं इरमला सगळं सांगितलं, तेव्हा तीच म्हणाली, "दिव्यासाठी तीन दिवस उपाशी बसलासा, आता माणसासाठी शिरोळला जावा की!"

आधी तो अक्कांकडं गेला, सगळं सांगितलं. त्या नुसत्या "असू दे" म्हणाल्या. ते त्याला शिव्यांहून जास्त लागलं. मग तो शिरोळला गेला. झुंबरबाईंनी चहा दिला, शून्य आणि एकचा घोळ शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"म्हंजे दिवा उलटा हुता?"

"व्हय मावशी. चूक माझी. अक्कांची न्हाय."

"दिवा तुझा उलटा हुता बाळा," कप उचलत त्या म्हणाल्या, "बोलली ती निर्मलाच की."

झुंबरबाई आता जयसिंगपूरच्या मंडळात गातात. अक्कांचं मंडळ दिवाळीनंतर बंद पडलं.