कळसाडीच्या विहिरीवरचा पदर

शहाद्याच्या दवाखान्यात नव्याने लागलेले डॉक्टर अनीस मन्सुरी १९६५ साली आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले. बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवायचं आणि तोंडाने श्वास भरायचा, एवढंच शिकायचं होतं. शिकवायला वत्सलाबाई नावाच्या सिस्टर होत्या आणि सरावाला एक रबरी पुतळा. अनीस कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या घरचे, हलक्या हाताचे; पुतळ्याची छाती पुरती दबेना.

"डॉक्टर, कणीक मळताय की माणूस वाचवताय?" सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि मनगटं दुखेपर्यंत त्यांना पुतळ्यावर राबवलं.

महिनाभराने अनीस कळसाडीच्या शाळेत देवीची लस टोचत होते. शेजारच्या मळ्यातून ओरडा आला. विहिरीवरच्या नव्या विजेच्या मोटारीचा झटका मळेवाल्याच्या मुलाला, भिकनला, बसला होता. अनीस धावत पोचले तेव्हा वीज बंद केलेली होती, आणि चार माणसं भिकनला चरात आडवा घालून अंगावर ओली माती लोटत होती.

"करंट जमीनमा उतरी जाई, डॉक्टर," भिकनचे वडील रतिलालभाई म्हणाले.

"आधी त्याले बाहेर काढा!"

नाडी लागेना. श्वास नव्हता. अनीसनी तळहात रोवले, पाच वेळा दाबलं, वाकून श्वास भरला, पुन्हा दाबलं. चार-पाच फेऱ्यांत धाप लागली. पुतळ्यापाशी नेहमी दोघं असायचे.

"कोनी तरी तोंडमा फुका. मी सांगस तसं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. भिकनची बायको तापीबाई पुढे आली आणि थबकली. सासऱ्यासमोर ती आजवर नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

रतिलालभाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि गर्रकन पाठ फिरवली. "तोंडं फिरावा रे सगळा!" ते बाकीच्यांवर खेकसले. मग विहिरीकडे बघतच म्हणाले, "वहू, फूक."

तापीबाईने पदर पुढे ओढला, नवऱ्याच्या तोंडावरही पसरला आणि आत वाकली. अनीस मोठ्याने मोजत. पाच म्हटलं की पदर हले, आणि त्यांच्या हाताखाली भिकनची छाती वर येई. त्यांनी पुतळ्यावर दाबलं होतं तसंच दाबलं, कणभर कमी नाही.

बऱ्याच वेळाने पदराखालून खोकला आला.

"कोन खोकनं?" रतिलालभाईंनी पाठ न वळवता विचारलं.

"तुम्हना पोऱ्या," अनीस म्हणाले.

तरीही तापीबाई उठून बाजूला होईपर्यंत म्हातारा वळला नाही.

भिकन अकरा दिवस धुळ्याच्या इस्पितळात राहून घरी आला. अनीसनी वत्सलाबाईंना कार्ड टाकलं: 'कणीक नीट मळली गेली. तुम्ही रागावलात, त्याबद्दल आभारी आहे.'

पुढे वायरमन आणि शाळामास्तरांना ते हेच शिकवू लागले. पुण्यात शिकवलं नव्हतं असं एक वाक्य ते सुरुवातीलाच घालत: आजूबाजूला सासरा असेल, तर आधी त्याला पाठ फिरवायला सांगा. आणि हे आपल्याला कळसाडीच्या रतिलालभाईंनी शिकवलं, हे सांगायला विसरत नसत.