चार बैलांचा मालक

माणूस मोठा होतो ही निव्वळ अफवा आहे, असं मनापासून मानणारा एकच इसम मी आजवर पाहिला. तो म्हणजे येडगावचा माझा बालमित्र. बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड आमच्याकडं सगळ्यांनाच, पण पोरांच्या हाती खरे बैल कोण देतो? म्हणून यानं आम्हा चौघांना दोरी लावून जुंपलं, स्वतः मालक झाला आणि आमची नावं सर्जा, हिऱ्या, पाखऱ्या आणि गुलब्या अशी ठेवून टाकली. गुलब्या मी. शाळा सुटली की देवळापासून पाणवठ्यापर्यंत शर्यतीची एक बारी पळायचीच. बारीआधी तो आमचे दात तपासायचा आणि घरून चोरून आणलेली हरभऱ्याची डाळ खुराक म्हणून चारायचा. डाळ जाते कुठं, याचा त्याच्या आईला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

पुढं सर्जा चिंचवडला कारखान्यात लागला, हिऱ्यानं आळेफाट्यावर टायरचं दुकान टाकलं, पाखऱ्या मास्तर झाला आणि मी पुण्यात इंजिनिअर. आमच्या मालकाच्या लेखी आम्ही फक्त चरायला बाहेर गेलो होतो. मला बारावीला पहिला वर्ग मिळाला तर पाठीवर हात फिरवून म्हणतो, "मार्क ऱ्हाऊ दे, पोट सुटाय लागलंय तुझं." माझी सोयरीक ठरताना तर कहरच केला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोराला काही खोड?" घरचे तोंड उघडायच्या आत हा बोलला, "लई गुणाचा हाय. फकस्त डावीकडं वढतो, आन मागनं कुणी डिवचलं तर लाथ घालतो." मी घामाघूम! नशीब माझं, सासरेबुवा स्वतः शर्यतीचे गाडामालक निघाले. त्यांना जावई पसंत पडला.

दर यात्रेला आम्हा चौघांना त्याचा निरोप यायचा, "या, एक बारी हाणू." जायचं कुणीच नाही. एका वर्षी मी गेलो, तेही कंपनीतल्या साहेबांना यात्रा दाखवायला. गर्दीतून हा दोरी घेऊन पळतच आला. "गुलब्या! तिघं आलं न्हाईत, मरू दे. तू आलास ना राव! चल, आपुन दोघंच पळू." साहेब खो खो हसले आणि माझं डोकं फिरलं. "वय काय आपलं? चारचौघांत असल्या नावानं हाक मारत जाऊ नकोस," मी खेकसलो. त्यानं निमूट दोरी गुंडाळली. "बराबर हाय," म्हणाला, "माझंच ध्यान ऱ्हायलं न्हाई."

वर्षभर ते मला खात राहिलं. पुढच्या यात्रेला मुद्दाम एकटा गेलो. म्हटलं, लोक हसले तर हसले, आज पळायचंच. तो पारावर बसला होता. मला बघताच उठला आणि सतरंजी झटकून म्हणाला, "या पावणं. कधी आलात?" जन्मात त्यानं मला अहो-जाहो केलं नव्हतं. पळू या का, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण पाहुण्यानं असलं काही विचारायचं कसं? मी सतरंजीवर बसलो. त्यानं माझ्या नोकरीची चौकशी केली, मी त्याच्या कांद्याची. दोघांनीही अगदी रीतीला धरून उत्तरं दिली.