साइट नंबर पाच

मंडळी, आधीच सांगून टाकतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, कारण आमच्या भागातली निम्मी भुतं मीच जन्माला घातली आहेत. खंडाळ्याच्या वळणावर लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई ऐकली असेल तुम्ही... तिला ती साडी मी नेसवली. मळवलीला बंगले सांभाळतो, जीप चालवतो. पर्यटकाला जेवणानंतर काहीतरी लागतंच, मग देतो एखादं भूत. त्यामुळे पुढचं कोणी खरं मानणार नाही, हे मला ठाऊक आहे. गावानंही मानलं नाही. माझीच करणी.

माझा आवाज हा आमच्या पंचक्रोशीतला एक प्रेक्षणीय प्रकार. मी मळवलीत शिंकलो की कार्ल्याची कुत्री उठून बसतात. त्याला कारण आमची आई. बऱ्याच वर्षांपूर्वी तापात तिचे दोन्ही कान गेले. डोक्यावर वीज कडाडली तरी मान वळवायची नाही. पण मी अंगणातून बोंबलत आलो की तिच्या कपाळाची आठी हलायची. ऐकू यायचं की नाही देव जाणे. मी आपला ओरडत राहिलो, आणि आवाज तसाच राहिला.

तर परवाच्या पावसाळ्यानंतर पुण्याहून एक मुलगी आली. मृणाल मॅडम. पीएचडी करत होती. विषय असा, की गोंगाटात राहणारे पक्षी जास्त मोठ्यानं ओरडतात का. म्हटलं, यावर पुस्तक कशाला, मला विचारा. ती हसली. म्हणाली, "काका, आपल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडतात ते."

तिला अभ्यासासाठी पाच जागा निवडायच्या होत्या. एक एक्सप्रेस-वेच्या कडेची, एक रेल्वे फाटकाजवळची, एक खंडाळ्याच्या बंगल्यांमधली, एक गावातली. या चार मी एका सकाळी दाखवल्या. ती प्रत्येक जागेचं वर्णन लिहून घ्यायची – उतार कुठल्या दिशेला, झाडं कुठली, तिथं कोण येतं-जातं. मी सांगायचो, इथे वाघ येतो. ती लिहायची, गुरे चरतात.

अडलं ते पाचव्या जागेपाशी. तिथे माणसाचा कसलाच आवाज नको होता. बाकीच्या चार जागांची तुलना या जागेशी करायची, ही नसेल तर सगळा अभ्यासच उभा राहत नाही. आणि आमच्याकडे अशी जागा? डोंगरावर जावं तर कोणीतरी स्पीकर घेऊन आलेला. धरणाकडे जावं तर लग्नाचं शूटिंग, वर ड्रोन घोंगावतोय. आंदर मावळात आत शिरलो तर पलीकडच्या माळावर जेसीबी. जिथे खरंच काही नव्हतं, तिथे मी होतो. "काका, प्लीज, दोन मिनिटं" – हे तिनं मला इतक्यांदा म्हटलं असेल की तेवढे जप केले असते तर मोक्ष मिळाला असता.

शेवटी मला ती घळ आठवली. भाजे गावावरून विसापूर किल्ल्याच्या पायथ्याला लागायचं, लेण्यांची वाट सोडून डावीकडे गुरांच्या वाटेनं आडवं जायचं, करवंदीची जाळी ओलांडली की जमीन एकदम खाली जाते. आत आंबा-जांभळाची गर्दी, खाली ओहोळ. नाव काही नाही. लहानपणी हरवलेली म्हैस शोधताना एकदा गेलो होतो.

वरच्या काठावर आम्ही नीट बोलत होतो. मागे मळवलीकडून एक्सप्रेस-वेची घरघर येत होती. आत उतरायला लागलो तसे आमचे शब्द बारीक होत गेले. आधी वाटलं, दम लागलाय. तळाशी पोहोचलो तर... काहीच नाही. दगडावरून पाणी पडत होतं आणि त्याला आवाज नव्हता. मॅडमनं आवाज मोजायचं यंत्र बाहेर काढलं, बघितलं आणि आनंदानं मला अंगठा दाखवला. काहीतरी बोललीही. मला ऐकू आलं नाही.

रेकॉर्डिंगचा डबा बांधायला झाड बघावं म्हणून मी ओहोळाच्या कडेनं निघालो. शेवाळावर पाय गेला. गुडघा दोन दगडांत अडकला, आणि असा काही पिळला की डोळ्यांपुढे काजवे नाहीत, अख्खी दिवाळी झाली. मी ओरडलो – आई गं!

मराठी माणूस दुसरं काय ओरडणार? पण मंडळी, घसा फाटला आणि कानावर काही आलं नाही. उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखं. मॅडम दहा-बारा पावलांवर पाठमोरी लिहीत होती, तिनं वळूनही बघितलं नाही. शेवटी एक दगड तिच्या पिशवीवर फेकला, तेव्हा ती धावत आली.

लंगडत घरी आलो तर घराला कुलूप. आई आणि बायको दोघी भाताच्या बांधावर. गेली कितीतरी वर्षं आई अंगणापलीकडे गेलेली नव्हती. काठी टेकत विसापूरच्या दिशेनं चालली होती आणि सुनंदा, माझी बायको, तिचा हात धरून मागे ओढत होती. सुनंदा म्हणाली, जेवत्या ताटावरून उठल्या. बबन्या पडलाय म्हणाल्या, आई गं म्हणून हाक मारतोय. मी किती सांगितलं, ऐकेचनात.

सुनंदानं माझा गुडघा अजून बघितला नव्हता.

मला आधी हसू आलं. असला किस्सा माझ्यासारख्याच्या हाती लागणं म्हणजे लॉटरीच. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी तो मीठमसाला न लावता सांगितला, आणि लोक म्हणाले, बबन, हा काही जमला नाही.

पण दुसऱ्या दिवशी आई पुन्हा उठली. "आले रं, आले" म्हणत दाराशी गेली. मग रोजच. तिला अजून ती हाक ऐकू येत होती. मी तिच्यासमोर बसलो, तिचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, बोटं गालावरून फिरवली – बघ, मी इथं आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, भ्रमिष्टासारखं काही नव्हतं तिच्या डोळ्यांत.

"तू हितं हायेस त्ये दिसतंय मला," ती म्हणाली. "पर त्यो तितं पडलाय, त्येला कोन उठवनार?"

 

तिचं जेवण सुटलं. घास तोंडात असायचा आणि मान दाराकडे. दोनदा उंबऱ्यावर पडली. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात कानात आवाज येतात, गोळ्या दिल्या. बरोबरच असेल त्यांचं. पण तिच्या कानातल्या आवाजाला माझ्या गुडघ्याचं कसं कळलं, हे काही मी त्यांना विचारलं नाही.

मॅडमचा डबा घळीत होताच. माणसाचा आवाज नाही म्हणून तिच्या कामाला ती जागा सोन्यासारखी होती, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसती सपाट रेघ, पक्षीसुद्धा नाहीत. तिला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून फाटकापाशी लावून बघितलं. तिथे व्यवस्थित चाललं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी तिला वर काठावर थांबायला सांगितलं आणि एकटा खाली उतरलो. ज्या दगडांत पाय अडकला होता तिथे उभा राहिलो. वेड्यासारखं वाटत होतं. पण घरी म्हातारी काडीसारखी झालेली.

सगळी ताकद लावून ओरडलो. आई, मी उठलो गं. लागलं नाही मला. घरी आलो. तू आता निवांत पड.

कानावर काही आलं नाही. वर मॅडमला नुसतं माझं तोंड हलताना आणि मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या.

घरी गेलो तर आई आत गोधडी घेऊन निजलेली. सुनंदाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. म्हणाली, "मगाशी एकट्याच हसल्या. म्हनल्या, उठला माझा बबन्या, आता पडते जराशी."

मी पोटभर जेवलो. गरम भात, वर तूप. आई शांत झोपली होती, म्हणून घरात पहिल्यांदा हळू बोललो.

चहाला उठवायला गेलो तेव्हा ती उठली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मॅडम भेटायला आली. सुनंदानं दिलेला चहा घेतला. मग म्हणाली, "काका, साइट पाच बाद करावी लागतेय." तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये आता सगळं येत होतं – बुलबुल, पाणी, रेल्वेचा भोंगा, हायवे. मी खाली तोंड हलवत होतो त्या दुपारपासून. तिनं वर्णन खोडून दुसरी जागा शोधली. मी विचारलं, याचं कारण काय लिहिलंस? ती म्हणाली, काहीच नाही लिहिलं.

मी एकदा जाऊन आलो. पाणी खळखळत होतं. मी हाक मारली. ती समोरच्या कड्यावर आपटून परत आली. परत आली, म्हणजे पलीकडे ती कुणी घेतली नाही.

ती हाक घरापर्यंत कशी गेली, मला सांगता येत नाही. मी आईला "निवांत पड" म्हटलं ते चांगलं केलं की वाईट, तेही नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा. एवढंच करा, मला खोटारडा म्हणून सोडून देऊ नका, या वेळी तरी.

सुनंदा म्हणते, घरात आता दोघंच आहोत, दोघांनाही ऐकू येतं, हळू बोला की. प्रयत्न करतो. पण अंगणात पाऊल टाकलं की आवाज चढतोच.