रंगारीचं खरं नाव

आपा कुठलंच पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नसे. तिचा इलाजच नव्हता. शहागंजच्या आमच्या छापखान्यातून छापलेले मोठे कागद तिच्या घरी जायचे. एकेका कागदावर सोळा पानं; पहिल्या पानाशेजारी सोळावं, पहिल्याच्या डोक्यावर उलटं आठवं. आपा आणि गल्लीतल्या बाया ओसरीत बसून त्यांच्या घड्या घालायच्या, सुईदोऱ्यानं शिवायच्या. ह्या कामाला जुजबंदी म्हणतात. घडी घालताना समोर येईल ते पान आपा वाचायची. "दगडूभाऊ, ह्यातली सासू सोळाव्या पानावर मेली अन् आठव्यावर भाकरी थापतीय. लई चिवट बाई!" असं म्हणून खो खो हसायची.

आपाचं खरं नाव मी लिहिणार नाही. आधीच सांगतो. नावासाठी वाचत असाल तर इथंच थांबा. महिनाभर त्या नावासाठी लोक माझा उंबरा झिजवतायत आणि माझं डोकं फिरलंय.

मी चौथी नापास. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता उलटी अक्षरं आधी शिकलो, सुलटी मागून. पण मोठमोठ्या साहेबांच्या चुका ह्या हातांनी निस्तरल्या आहेत, तेव्हा मला अडाणी समजून कुणी गोड बोलायला येऊ नये. चांगलं लिहिलेलं मला कळतं. एकदा आपानं शिवलेल्या गठ्ठ्याखाली आठ-दहा कागद दडवून आणले. रद्दी प्रूफांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेली गोष्ट होती. नवऱ्याशी बारा वर्षं अबोला धरून त्याच्यासाठी रोज दोन भाज्या करणारी बाई त्यात होती. मी उभ्यानं वाचली आणि तिथंच खाली बसलो. आमचे मालक दिवाळी अंक काढायचे. त्यांना न विचारता मी ती जुळवायला घेतली.

"नाव काय टाकू?" मी विचारलं.

"रंगारी टाका. माझं माहेर देवगाव रंगारी. अर्धं नाव मी नेलं तर गावाला काय कमी पडणार हाय?"

"मागंपुढं काही?"

"काय नको. बाई का बाप्या, हिंदू का मुसलमान, बसू दे शोधत. तोवर गोष्ट वाचून होईल."

ते हसण्यावारी झालं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "घडी घालताना ह्या बाया पोटातलं काढतात, भाऊ. मी लिहिते कळलं तर त्यांची तोंडं शिवली जातील. तो टाका मला उसवता येणार नाय."

रंगारीच्या गोष्टी दरवर्षी येऊ लागल्या. छापखान्यावर पत्रं यायची. रंगारी आमच्याच समाजाचे, असं तीन वेगवेगळ्या समाजांनी कळवलं. एका मंडळानं 'रंगारी साहेबां'ना फेट्यातला फोटो मागितला. मी पत्रं वाचून दाखवायचो आणि आपा ओढणी तोंडात कोंबून हसायची. "फेटा तुमचा द्या," म्हणायची, "मिशा मी काढते कोळशानं."

पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं. एकदा मालकांकडं कॉलेजातले एक साहेब आले होते. चहाचा भुरका मारून म्हणाले, "हा रंगारी चांगला शिकलेला पुरुष आहे. बाई म्हणे! बायकांना ही नजर नसते." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, थांब, तुला दाखवतोच. त्या वर्षी मी रंगारीच्या जागी आपाचं पूर्ण नाव जुळवलं, नवऱ्याच्या नावासकट, सगळ्यात मोठ्या टायपात. मालकांना तो कागद तपासू दिला नाही. छापून झाल्यावर सायकलवर गठ्ठे लादून मीच तिच्या घरी गेलो आणि तिचं तोंड बघायला दारात उभा राहिलो. कौतुक व्हावं म्हणून उभा राहिलो. लाज वाटते सांगायला.

ओसरीत सहा-सात बाया होत्या. सातवी शिकलेली एक नवी नवरी पहिल्याच कागदाला ओरडली, "या अल्ला! आपा, हे तर तुमचं नाव!" आणि मोठ्यानं वाचू लागली. गोष्टीतली बाई नवऱ्यानं नातं तोडलेल्या भावाला चोरून दौलताबादच्या किल्ल्यापाशी भेटायची. ती बाई समोरच, खांबाला टेकून घड्या घालत होती. तिच्या हातातली घडी दाबायची लाकडी पट्टी थांबली. "बस कर, पोरी," ती म्हणाली. मग आपाकडं बघितलं. "तुमच्यापाशी बोलले होते मी." चपला घालून ती निघून गेली. तिच्यामागं दुसरी उठली, मग तिसरी. नवरीला कळेना आपलं काय चुकलं.

आपा मला एवढंच म्हणाली, "हे परत छापा."

मालकांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. मी उलटून बोललो नाही. आयुष्यात तेवढी एकच वेळ. नाव काढून पुन्हा रंगारी बसवलं आणि आधीचा कागद न् कागद बंबात घातला. अंक बाहेर आला, कुणाला काही कळलं नाही. पण बाया त्या ओसरीत परत आल्या नाहीत. आपा एकटी घड्या घालू लागली. दोन-तीनदा मी म्हटलं, "लिहा की आता."

"कुणाचं लिहू? घरात आता सुईचाच आवाज येतो."

पुढं ती अजिंठ्याला लेकीकडं राहायला गेली आणि तिथंच वारली. मी मातीला गेलो होतो.

आता दोन प्राध्यापकांना रंगारीच्या गोष्टींचं पुस्तक काढायचंय. वर खरं नाव, मागं फोटो. "मुसलमान बाईनं असं मराठी लिहिलंय असा आमचा अंदाज आहे, काका. केवढी बातमी होईल! तिला न्याय मिळेल."

"न्याय?" मी म्हणालो. "तुमच्यासारखाच मी एकदा द्यायला गेलो होतो. तिला विचारलं होतं का? मी नव्हतं विचारलं. तुम्हाला आता विचारता येत नाही. छापायचं तर रंगारी म्हणून छापा."

"तुम्ही गेल्यावर हे नाव कायमचं जाईल, काका."

"जाऊ द्या."

ते बोलतच राहिले. मी खाली बघितलं तर मांडीवर माझी बोटं हलत होती. कुठल्या खणातून कुठलं अक्षर उचलायचं ते त्यांना अजून पाठ आहे. आपाचं अन् तिच्या नवऱ्याचं नाव जुळवून झालं होतं, आडनावाचं पहिलं अक्षर उचललं जात होतं. मी मूठ आवळली.

"चहा झाला ना?" म्हटलं. "मग निघा."