उशीतला अणू

"आजच्यापुरतं बरोबर," असं म्हणून आमचे सायन्सचे सर हातावरची खडूची धूळ कोटाला पुसायचे. कोट काळा होता, म्हणजे सकाळी काळा असायचा. त्याला पितळेची चार बटणं होती आणि मधल्या पाचव्याच्या जागी सेफ्टी पिन. मी शाळेत शिवण शिकवायची. ती पिन रोज माझ्याच डोळ्यांत टोचायची.

एकदा न राहवून म्हटलं, "सर, द्या तो कोट इकडे. पाच मिनिटांचं काम आहे."

"बटण आहे हो बाई. कामात आहे."

बटण कामात असतं म्हणजे काय, हे विचारायला मला वेळ नव्हता. बावीस मुलींचे झबल्याचे गळे चुकले होते.

तुमच्यापैकी जे बुऱ्हाणपूरचे असतील त्यांना ती वर्षं आठवतील. नवं मध्य प्रदेश झालं होतं. कालपर्यंत नागपूरला जाणारे शाळेचे कागद आता भोपाळला जाऊ लागले होते. दारावरची पाटी सहा महिन्यांत दोनदा रंगली. वर्गातला नकाशा मात्र जुनाच. "सर, हा चुकीचा आहे ना?" असं एका मुलीनं विचारलं, तर म्हणाले, "तेव्हापुरता बरोबर होता. फाडू नकोस. त्याच्याच शेजारी नवा लाव."

त्याच साली आमच्या मुलींच्या शाळेत नववीला सायन्स सुरू झालं. नऊ मुली, आणि परवानगी एका वर्षापुरती. तपासणीला येणारे साहेब चांगला शेरा देतील तर वर्ग पुढे चालू, नाहीतर मुली परत शिवण-स्वयंपाकाकडे. मुलांच्या शाळेत त्यांना कोणी पाठवणार नव्हतं. एकीच्या वडिलांनी तसं मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलं होतं.

प्रयोगशाळा नव्हतीच. होतं ते माझं शिवणाचं कपाट. त्यातला खालचा खण सरांना मिळाला आणि दिवाळीपर्यंत त्यांनी मधलाही घेतला.

अणू शिकवायची त्यांची तऱ्हा अशी. पहिल्या दिवशी लाकडी गोटी. "हा अणू. घट्ट. फुटत नाही, तुटत नाही." मुलींनी पंधरा दिवस तसंच लिहिलं. मग म्हणाले, "विलायतेत कुणाला तरी त्यातून विजेचे बारके कण निघालेले सापडले. आता?" एक मुलगी म्हणाली, "सर, मग आत काहीतरी असंल ना!" त्यावर सर माझ्याकडे आले आणि माझी टाचण्यांची उशी घेऊन गेले. उशी म्हणजे अणू, टाचण्या म्हणजे ते कण. मी दिवसभर टाचण्या तोंडात धरून बेतत बसले.

चूक कळल्याशिवाय पुढचा अणू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मोठ्या बाईंनी हात जोडले. "सर, तपासणी तोंडावर आली. पुस्तकातलं शेवटचं चित्र पाठ करून घ्या की!"

"पाठ केलेलं मग हलत नाही हो, मोठ्या बाई. अणू अजून हलतोय."

मग एके दुपारी त्यांनी मला गिरदीसारखी एक गोल उशी शिवायला लावली, चांगली कोहळ्याएवढी. कापूस भरून झाल्यावर म्हणाले, "आता तिकडे बघा." मी तिकडे बघितलं. त्यांनी मूठ आत खोल घातली, रिकामी बाहेर काढली आणि म्हणाले, "शिवून टाका."

त्याच आठवड्यात शिवताना बोटात घालायचं माझं अंगुस्तान हरवलं. पितळेचं, बोटावर बसलेलं, आईनं दिलेलं. मी दोन आणि दोन चार केले.

"सर, उशीत माझं अंगुस्तान आहे."

"कशावरून?"

"दुसरं कोण नेणार? माझ्या कपाटात मी आणि तुम्ही."

"हं," ते म्हणाले. "आजच्यापुरतं बरोबर."

मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, की सायन्सवाले चोर असतात.

साहेब आले ते उशीचा तास व्हायच्या आदल्या दिवशी. मोठ्या बाईंनी माव्याची जिलबी मागवून ठेवली होती. साहेब भोपाळकडचे, मराठी समजायची, पण बोलायचे हिंदी. त्यांनी पहिल्याच बाकावरच्या मुलीला विचारलं, "बताओ बेटी, परमाणु कैसा होता है?"

तिनं धीटपणे माझी टाचण्यांची उशी वर धरली. "असा, साहेब. हे मऊ, आणि ह्यात हे खुपसलेले."

साहेबांनी पुस्तक उघडलं. "यह तो ग़लत है, मास्टर साहब. बरसों पहले ग़लत साबित हो चुका."

मोठ्या बाईंनी भिंतीला हात टेकला. नऊच्या नऊ मुली सरांकडे बघत होत्या. मी जिलबीचं ताट धरून दारात उभी होते, आणि खरं सांगते, तेव्हा मला कपाट परत मिळेल हे सुचलंसुद्धा नाही.

"आज बरोबर आहे, साहेब," सर म्हणाले. "उद्या चुकणार आहे. तुम्ही एक दिवस लवकर आलात."

"मतलब?"

सरांनी गोल उशी टेबलावर ठेवली आणि स्वेटर विणायची माझी लांब सुई साहेबांच्या हातात दिली. "आरपार घालून बघा."

साहेबांनी रागानंच घातली. आरपार गेली. पुन्हा घातली, पुन्हा गेली. "कपास है, और क्या?"

"घाला, घाला."

सातव्यांदा की आठव्यांदा सुई मध्येच टक् करून थांबली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "अरे! भीतर कुछ है!"

"अडली व माय!" मागून एक मुलगी ओरडली आणि तोंडावर हात ठेवून बसली.

पुढचा पाऊण तास साहेब आणि नऊ मुली आळीपाळीनं उशी भोसकत होते. किती सुया पार गेल्या, किती अडल्या, फळ्यावर रेघा. शेवटी त्याच पहिल्या बाकावरच्या मुलीनं आपण होऊन टाचण्यांची उशी खाली ठेवली. "सर, हे चुकलं. बहुतेक सगळं पोकळ आहे. मधोमध बारीकसं, कडक काहीतरी आहे."

"विलायतेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण मारून हेच कळलं," सर म्हणाले. "त्यांना सुई मिळाली नसावी."

साहेब घाम पुसत म्हणाले, "पर अंदर है क्या, मास्टर साहब?"

"ते मलाही सांगता येत नाही. अणू उसवून कुठे बघता येतो?"

साहेबांची तीनची गाडी गेली. जिलबी गार झाली, ती त्यांनी तशीच खाल्ली. जाताना पुन्हा एकदा सुई घालून बघितली. शेरा एका ओळीचा होता: कक्षा चालू रखी जाए।

सरांचं पुढे फार दिवस राहणं झालं नाही. कोणी कुठल्या राज्यात जायचं, त्याच्या याद्या निघाल्या. सर वऱ्हाडचे, त्यांचं नाव तिकडे गेलं. जाण्याआधी त्यांनी माझ्या भरतकामाच्या रिंगा परत आणून दिल्या. कणांच्या फिरण्याच्या वाटा म्हणून त्या नेल्या होत्या.

"घ्या बाई. आता म्हणे वाटा नाहीत, नुसतं धुकं आहे. धुक्यासाठी तुमच्याकडे काय आहे?"

"पिंजलेला कापूस. पण आधी माझं अंगुस्तान."

ते हसले आणि सेफ्टी पिन लावलेल्या कोटात टांग्यात बसले. पत्ता मी मागितला नाही. चोराला कोण पत्र लिहितं?

उशी पुढं बरीच वर्षं चालली. सुयांनी तिची चाळण झाली, आणि मागच्या शनिवारी एका मुलीच्या हातात ती फाटली. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि कापसात हात घातला. आत पितळ होतं खरं. चपटं, चार भोकांचं. कोटाचं पाचवं बटण.

मी खुर्चीवर बसले. शिक्षकांच्या खोलीत आता त्या वेळचं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे कबूल कुणापुढे करायचं हाही प्रश्नच.

अंगुस्तान कुठे गेलं ते अजून कळलेलं नाही. मी नवं कापड बेतलं, कापूस भरला, बटण होतं तिथे खोल परत घातलं आणि तोंड शिवून टाकलं. सोमवारी नववीचा तास होता.